तीन मिनिटं उभे राहा

आमच्या सरांकडे पेशंटला खुर्ची मिळायची नाही. आधी पाच मिनिटं आडवं व्हायचं, मग सर दंडाचा पट्टा तसाच ठेवून त्याला तीन मिनिटं भिंतीशी उभं करायचे आणि पुन्हा रक्तदाब बघायचे. सातपुरात लोक त्यांना ‘उभे डॉक्टर’च म्हणायचे. मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली होते आणि मनातल्या मनात वैतागायचे. बाहेर ही रांग, आणि आत सर पेशंटला विचारताहेत, निफाडकडे द्राक्षांची छाटणी झाली का.

“उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. ते सावरायचं काम नसा आपल्याला न विचारता करतात,” ते मला सांगायचे. “त्याच चुकल्या, तर बसलेल्या माणसात तुला काय दिसणार?”

एकदा कंपनीतली एक मुलगी आली. मशीनसमोर उभी राहिली की तिला भोवळ यायची. “सुपरवायझर म्हणतो, लय नाटकं करते.” सरांनी तिला तीनऐवजी दहा मिनिटं उभं केलं. रक्तदाब जागेवर, पण नाडी ऐंशीवरून सव्वाशेवर. “नाडीला नाटक येत नाही, बाळ,” सर म्हणाले. तेवढ्यावर ती रडली.

पुढे सर निवृत्त झाले, मी स्वतःचा दवाखाना थाटला. एका दुपारी सर तिथे आले. “सकाळी उठलो की जरा तोल गेल्यासारखं होतं गं.” मी लगबगीनं त्यांना माझ्याच खुर्चीत बसवलं. सरांना भिंतीशी उभं राहा म्हणायला जीभच रेटेना. बसल्या बसल्या रक्तदाब मोजला. “अगदी नॉर्मल आहे, सर.” ते काहीतरी बोलणार होते, पण दाराकडे बघून त्यांनी बाही खाली केली. चहा घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी ते सकाळी अंथरुणातून उठले आणि उभ्याउभ्याच कोसळले. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमध्ये मी त्यांचा हात धरला. “सर, मी तुम्हाला उभं करायला हवं होतं.”

“बसवलंस तेव्हाच लक्षात आलं होतं माझ्या,” ते म्हणाले. “पण बाहेर तुझे पेशंट खोळंबले होते.”

ते पुन्हा उभे राहिलेच नाहीत. महिन्याभरात गेले. ती चूक माझी होती, आणि ती करू नये हेच तर ते मला चार वर्षं शिकवत होते.

आता माझ्याकडे सगळे उभे राहतात, ज्यांच्या मी पाया पडते तेसुद्धा. फक्त त्या तीन मिनिटांत द्राक्षांचं काही विचारणं मला जमत नाही. मी घड्याळाकडे बघत राहते.