दोनदा मोजलेलं मेंढरू

सरांनी खांद्यावरची शाल काढली, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि माइकसमोर म्हणाले, "ज्या कामासाठी तुम्ही माझा सत्कार करताय, ते काम चुकलंय."

लोकांना वाटलं, विनय. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी कौतुकाने मान डोलावली. टाळ्या थांबल्यावर सर पुन्हा बोलले, "विनय नाही. चूक आहे. आज सकाळी सापडली." मग मात्र बीडच्या त्या कॉलेजच्या हॉलमध्ये अध्यक्षांची मान डोलायची थांबली.

माझ्या शेजारी त्यांची विद्यार्थिनी बसली होती, परळीची. तिची पीएच.डी. सरांच्याच हाताखाली चालली होती. प्रबंध सगळा त्या एका कामावर उभा होता, आणि प्रबंध झाला की नोकरी ठरल्यासारखी होती. मंचावरची नजर न काढता तिने मला विचारलं, "मावशी, सर काय म्हणाले?" माझ्यापेक्षा नीट तिनेच ऐकलं होतं.

"चुकलं म्हनले," मी सांगितलं.

ती उठून बाहेर गेली. तिची पर्स खुर्चीवरच राहिली, ती मी उचलली.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढे म्हशी आणि दुधाचा रतीब. सरांच्या गल्लीत मी वर्षानुवर्षं दूध घातलं, एवढीच आमची ओळख; सत्काराला त्यांनीच बोलावलं होतं. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल; हा काय करतो ते कुणालाच माहीत नसतं, पण नमस्कार सगळे करतात. भौतिकशास्त्राचे म्हणून लोक त्यांच्याकडे मिक्सर आणायचे, मोटारीचा स्टार्टर आणायचे. सर हात जोडायचे.

एकदा मीच विचारलं, "सर, तुमी दिवसभर फळ्यापुढं उभं राहून करता तरी काय?"

"एकट्याचं सोपं असतं, मावशी," ते म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्यांचा बाप वडवणीकडचा मेंढपाळ. "एक मेंढरू कुठं जाईल ते सांगता येतं. पण कळपात प्रत्येक जण बाकीच्यांकडं बघून वळतो, आणि बाकीचे त्याच्याकडं बघून. बारीक कणांचंही तसंच. लई कण एकत्र आले की काय करतात, त्याचं गणित मी करतो."

"आन् याचा पगार भेटतो?"

"भेटतो."

"मग बरंय की," मी म्हणाले. ते हसले. सर हसले की खोकायचे.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी दूध घेऊन गेले, तर सर ओट्यावर बसलेले. काय चुकलं ते त्यांनी सांगितलं. त्या गणितात चित्रं काढायची असतात, रेघांची आणि वेटोळ्यांची. कणांनी एकमेकांना धक्का द्यायची एकेक तऱ्हा म्हणजे एकेक चित्र. सगळ्यांची बेरीज केली की उत्तर. त्यातलं एक चित्र फिरवलं की वेगळंच दिसायचं, आणि सरांनी ते दोन वेळा धरलं होतं.

"संध्याकाळी मेंढरं मोजून जाळीच्या कुंपणात घेताना एखादं मागं फिरून पुन्हा येतं ना, तसं," ते म्हणाले. "बाप असता तर काठी घातली असती."

"मग मोजा परत. बसलाव कावून?" मी म्हणाले. "आन् पोरीला आधी सांगायचं होतं. चारचौघांत तिला उघडं पाडलं तुमी."

सरांनी दुधाचं भांडं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आजचा दिवस गप बसा. आणि मी बसलो असतो, मावशी. तेवढा काही मी घट्ट नाही."

हे मला पटलं नाही. आजही पटत नाही. पण खोटं नव्हतं.

चार दिवसांनी, मी दूध घालत असताना, पोरीचे वडील सरांकडे आले. ते परळीच्या वीजकेंद्रात कामाला होते. दारातूनच म्हणाले, "सर, माझी पोरगी म्हंजी तुमचा खडू हाय का? मोडला की दुसरा?" सर उभेच राहिले. सरांकडे आणून ठेवलेली पोरीची पर्स मीच त्या माणसाच्या हातात दिली.

सरांनी आपला छापलेला लेख स्वतः मागे घेतला. मग चहाच्या टपरीवर त्यांना 'चुकलेले सर' असं नाव पडलं. नमस्कार कमी झाले. मिक्सर मात्र येत राहिले.

पोरगी पाऊसकाळ संपल्यावर आली. एसटीतून उतरून थेट ओट्यावर. नमस्कार नाही, काही नाही. "कुठं दोनदा धरलं ते दाखवा," म्हणाली. सरांनी फळा पुसला.

त्यानंतर ती दर रविवारी यायची. दोघं भांडायचे. "सर, हे तुमी पुन्हा तसंच करताय!" असं ती ओरडली की गल्लीतल्या बाया माझ्याकडे बघायच्या. मी म्हणायचे, "चालू द्या." नवीन उत्तर आलं ते जुन्यापेक्षा बारकं होतं. पहिल्यासारखं कुणी त्याचा सत्कार केला नसता. पण ते हललं नाही. तिने दहा बाजूंनी ढकलून पाहिलं.

तोवर सरांचा खोकला छातीत उतरला होता. शेवटी शेवटी ते खुर्चीत बसून बोटाने दाखवायचे आणि ती लिहायची. प्रबंध विद्यापीठात गेला आणि महिन्याभरात सर गेले. बायको त्यांची आधीच गेलेली. पुतण्याने येऊन माती द्यायला वडवणीकडे नेलं.

तोंडी परीक्षेच्या आधी पोरीचे वडील माझ्या दारात आले. चप्पल बाहेर काढून बसले. म्हणाले, "मावशी, तुमी चला. सरांच्या बाजूचं कुनीतरी पायजे."

मी गेले. मागच्या बाकावर बसले. बोलणं सगळं इंग्रजीतून, मला काही कळलं नाही. शेवटी एका परीक्षकाने मराठीत विचारलं, "आधीच्या लेखातली चूक सरांची होती ना?"

ती म्हणाली, "आमची होती."

ती पास झाली. आता अंबाजोगाईकडे एका कॉलेजात शिकवते. सर राहिले नाहीत, ती आहे.