पेवातला हात

आमच्या सासूबाई शरणम्मा पंच्याऐंशीच्या झाल्या, पण तोंडाला विश्रांती नाही बघा. झोपेतसुद्धा कुणाची ना कुणाची उणीदुणी काढतात. आणि त्यांच्या माहेरच्या गावातल्या म्युझियममध्ये पाटी काय? "चिमुकल्या शरणम्माने तोंडातून आवाज काढला नाही." कुणीतरी मोबाइलवर फोटो पाठवला, मी तर हसून हसून बेजार!

दुधनीच्या पलीकडचं गाव ते. रझाकारांच्या धामधुमीत ही पोर ज्वारीच्या पेवात, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यात, लपली होती. सोबत थोरली बहीण काशम्मा. त्याच पेवाचं आता म्युझियम केलंय. ती अक्का गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून सासूबाईंचा एकच धोशा, "तितं अक्काला ठिवलंय का न्हाय, तेवढं मला दाव." शेवटी रविवारी नेलं. रेल्वेनं होटगी सोडलं नाही तोवर अख्ख्या डब्याला अक्काची गोष्ट सांगून झाली.

पेवाला आता लोखंडी जिना होता. खाली कापडाच्या दुकानातली बाहुली परकर नेसवून ठेवलेली. गोरीपान, दात काढून हसणारी.

"अगं बया, ही कोण भवानी?" सासूबाई ओरडल्या. "आन अक्का कुटं हाय?"

म्युझियम सांभाळणारे चनबसप्पा ओशाळले. "आज्जी, हितं एकच पुतळा मावतोय की."

"मग पाटी खोटी हाय! मी गप कुटं हुते? सारकी बडबडत हुते. अक्कानं तोंड दाबून धरलं, मी कचकन चावले, तरी हात काढला न्हाय तिनं. मरस्तवर वण हुता." बोलता बोलता त्या रडायलाच लागल्या. "जिनं वाचवलं, तीच न्हाय व्हय रं हितं?"

मी म्हटलं, "आत्ती, असू दे."

"तू सुम्नं कूड!" गप्प बस म्हणे, मला!

मग डोळे पुसून चनबसप्पांना म्हणाल्या, "पुरा पुतळा नगं. नुसता हात द्या. अंधारात मला तरी कुटं सारी अक्का दिसत हुती?"

त्यांनी अडगळीतून मोडक्या पुतळ्याचा हात शोधून आणला आणि बाहुलीच्या तोंडावर सुतळीनं बांधला. हसू झाकलं गेलं. नुसते डोळे उरले, आणि ती एकदम भ्यालेली दिसायला लागली.

सासूबाईंनी वाकून त्या हाताला कचकन चावा घेतला. आई गं! वण कसला उठतोय, दातच हलला. चनबसप्पा तोंड फिरवून हसले. मीही हसले असते, पण सासूबाई त्या हातावर बोट फिरवून वण शोधत होत्या. मग मीच केसातली पिन काढली नि अंगठ्याखाली दातांचा अर्धगोल कोरला.

त्यांनी तो चाचपून बघितला. बाहुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"सुम्नं कूड गं," हळूच म्हणाल्या, "अक्का हाय."