आई बाथरूममध्ये घसरली त्याची गोष्ट

गुरुवारी दुपारी आम्ही खून वाचतो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या दोन मैत्रिणी. एक दातांची डॉक्टर आहे. तिला आम्ही डॉक्टरीणबाई म्हणतो, कारण तिला ते अजिबात आवडत नाही. दुसरीच्या घरच्या केळीच्या बागा जवळच्या फोपनार गावाला आहेत. तिला मालकीण म्हणतो, आणि तिला ते फार आवडतं. मी कॉलेजात मराठी शिकवायचे, आता घरी असते. बैठक मालकिणीच्या हॉलमध्ये भरते. तिथे एसी आहे आणि खायला भरपूर असतं.

खून आम्हाला एकाच प्रकारचे लागतात. चार-पाच श्रीमंत मित्रमैत्रिणी हव्यात, डोंगरावर किंवा समुद्राकाठी बंगला हवा, आणि पूर्वी कधीतरी या सगळ्यांनी मिळून काहीतरी भयंकर केलेलं असायला हवं. आता ते एकमेकांकडे संशयाने बघत वाइन पितात. कोणालाच झोप लागत नाही. कोण आधी फुटणार, एवढंच आपण बघायचं. मला ते आधीच कळतं. मी सत्तर-ऐंशी पानांत सांगून टाकते आणि बहुतेक वेळा बरोबर ठरते, म्हणून या दोघी माझ्यावर चिडतात. गुन्हेगार माणूस आधी गोड वागायला लागतो, असा माझा सिद्धांत आहे आणि तो मी त्यांना अनेकदा, कंटाळा येईपर्यंत ऐकवलेला आहे.

आई आमच्यात नंतर आली. बाबा तरुणपणी वऱ्हाडातून नेपानगरच्या कागद कारखान्यात नोकरीला आले आणि आईचा सगळा संसार तिथल्या कॉलनीत झाला. बाबा गेल्यावरही ती काही वर्षं तिथेच हट्टाने एकटी राहिली. मग डोळे अधू झाले, तेव्हा मी तिला इतवारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आणलं. आणलं म्हणजे जवळजवळ उचलूनच आणलं. तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून आमच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचायचं असं ठरलं आणि आई सोफ्यावर मांडी घालून ऐकायला लागली.

ती आमच्यातली सगळ्यात वाईट श्रोती होती. "एवढा मोठा बंगला, आन एकालाही भूक लागत नाही? हे लोक जेवतात कधी?" असं ती ऐन रंगात आलेल्या प्रसंगात विचारायची. आणि तिचा जीव नेहमी लपवणाऱ्यांवर. "लपवलं तं काय झालं वं? मेलेला काय उठून बसणार हाय?" मालकीण हसून लोटपोट व्हायची. खरं सांगायचं तर माझ्या मैत्रिणी हळूहळू माझ्यापेक्षा आईच्याच जास्त झाल्या. मला त्याचा थोडा मत्सरही वाटायचा आणि बरंही वाटायचं.

गेल्या थंडीत मी आणि माझा नवरा मुलीकडे पुण्याला गेलो. आईला प्रवास झेपत नाही, म्हणून तिला या दोघींच्या हवाली केलं. निघताना मी सूचनांचा पाऊस पाडला. औषधं, मीठ, जिना, स्वेटर. डॉक्टरीणबाई म्हणाली, "मी डॉक्टर आहे, तू जा." मी म्हटलं, तू दातांची आहेस.

पुण्यात असतानाच तिचा फोन आला. आई बाथरूममध्ये घसरली होती. मनगटाचं हाड मोडलं होतं, प्लास्टर घातलं होतं, बाकी सगळं ठीक होतं, घाबरू नकोस. मला तिथेच कळलं, दोष माझा. कारण त्या बाथरूमची फरशी मी निवडली होती. गुळगुळीत, पांढरी, दुकानात शोभून दिसलेली. आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "हिच्यात तोंड दिसते, पण पाय टिकत नाही." मी तेव्हा तिचं बोलणं उडवून लावलं होतं.

आम्ही मिळेल त्या गाडीने परतलो. आई पलंगावर बसून उजव्या हाताचं प्लास्टर मांडीवर ठेवून डाव्या हाताने शिरा खात होती. मला बघून म्हणाली, "आली का? चहा टाक." मी तिच्या गळ्यात पडून रडले आणि माफी मागितली. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पण काही बोलली नाही. मला वाटलं, ती दुखावली आहे.

त्यानंतर मी जे केलं ते गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिलं. बाथरूम फोडलं. इतवाऱ्यातल्या आमच्या गल्लीत ट्रॅक्टर शिरत नाही, त्यामुळे सगळा मलबा हातगाडीवरून चौकापर्यंत न्यावा लागला. नवी खरखरीत फरशी आली. भिंतीला धरायला दांडे आले, नळाशेजारी घंटा आली, दाराची कडी गेली. दिवसभर आईजवळ बसायला एक बाई ठेवली. सकाळी मंदिरात जाणं बंद, गच्चीवर जाणं बंद. गुरुवारची बैठक तेवढी राहिली, आणि तिथेही मी तिला गाडीच्या दारापासून सोफ्यापर्यंत दंडाला धरून न्यायचे. आईने एका शब्दाने विरोध केला नाही. नेपानगरहून येताना जिने शेजारपाजाऱ्यांसमोर माझी लाज काढली होती, ती बाई माझं सगळं ऐकत होती. मला ते समंजसपणाचं लक्षण वाटलं.

आणि मैत्रिणी? मैत्रिणी गोड वागत होत्या. मालकीण दर दोन दिवसांनी मावा जिलेबी पाठवायची. बाथरूमसाठी स्वतःचा मिस्त्री पाठवला, तोही मी न मागता. डॉक्टरीणबाई दवाखाना लवकर बंद करून आईजवळ येऊन बसायची, माझ्या नजरेला मात्र नजर द्यायची नाही. बैठकीत आमची एक कादंबरी अर्ध्यावर होती. कॉलेजचे जुने मित्र, तलावाकाठचं घर, आणि त्यातली एक बाई आता सगळं कबूल करणार होती. मालकीण अचानक म्हणाली, "हे राहू दे ना यार. मूड खराब होतो. आपण काहीतरी हसायचं वाचू." डॉक्टरीणबाईने लगेच मान हलवली. मी वैतागले, पण वाचलं हसायचं. एवढं सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि मी स्वतःलाच शिव्या घालण्यात गुंतलेली होते.

उन्हं तापायला लागली तेव्हा शेजारी बारसं होतं. आईला नेसवायला मी तिची आवडती सुती साडी कपाटातून काढली. फिकट मोतिया रंगाची, बारीक हिरव्या काठाची, छान धुऊन इस्त्री केलेली. उलगडली आणि बघतच राहिले. खांद्यापासून कमरेपर्यंत तपकिरी ओघळ होते.

हे डाग मला पाठ आहेत. माझ्या सासऱ्यांची थोडी केळी होती, पुढे ती जमीन विकली गेली. लग्नानंतर पहिली काही वर्षं त्यांचे शेतातले कपडे मी धुतलेत. केळीचा चीक अंगावर पडला तेव्हा पाण्यासारखा दिसतो. कपडा धुतला, वाळला की तो डाग वर येतो, आणि मग काही केल्या जात नाही. म्हणून बागेत जाताना माणसं जुनेच कपडे घालतात. आई माझ्या सासरी फारशी कधी आलीच नाही, मुलीच्या घरी पाणीसुद्धा संकोचाने प्यायची. तिला हे ठाऊक नव्हतं. आणि मालकिणीच्या घरात केळीचा पैसा पिढ्यान्‌पिढ्या आला, चीक मात्र कधी आला नाही.

बारशाला आई दुसरी साडी नेसून गेली. मी ती साडी परत घडी घालून ठेवली. गुरुवारी मात्र ती मोतिया साडी पिशवीत घातली आणि आईला घेऊन मालकिणीकडे गेले.

बशा मांडलेल्या होत्या. त्यांच्या मधोमध मी साडी पसरली.

"आमच्या बाथरूममध्ये केळीची बाग कधी लावली?" मी विचारलं.

 मग मालकीणच आधी फुटली, आणि तीही कशी! "अवं, मी तं किती वेळा मशीनमधून फिरवली ती! चिखल सगळा निघाला. एकदम साफ झाली होती, कसम से! इस्त्री केली तरी काही नव्हतं!"

"ओली असताना केलीस का इस्त्री?"

"थोडी ओलीच होती," ती पडेल आवाजात म्हणाली.

डॉक्टरीणबाई रडायला लागली. रडत रडत तिने सगळं सांगितलं. मी पुण्याला गेल्यावर आई म्हणाली होती, मला बागेत बसून भरीत खायचंय. त्या दोघी तिला गाडीत घालून फोपनारला घेऊन गेल्या. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. ताटं आणायची राहिली होती, तर आई म्हणाली, केळीचं पान कापू. ते कापायला गडी उठला तेव्हा तिने त्याच्या हातातून विळा घेतला. ठिबकच्या नळीखाली जमीन ओली होती. पान हातात आलं आणि पाय सटकला.

"तुला सांगणारच होतो," डॉक्टरीणबाई म्हणाली. "रोज वाटायचं, आज सांगू. आणि तू बाथरूम फोडायला घेतलंस. सच में, त्या हातोडीचा आवाज आला की मला कसंतरी व्हायचं."

मी भडकले. इतकी की मालकिणीचा कुत्रा उठून आतल्या खोलीत गेला. इतके दिवस मी माझ्या आईचा हात मोडला या विचाराने जेवले नव्हते धड. तुम्ही समोर बसून मला जिलेब्या भरवत होता. मैत्रिणी म्हणवता स्वतःला? असं बरंच काही मी बोलले, आणि त्यातलं थोडं आजही खरं आहे असं मला वाटतं.

"त्यांना नको बोलू," आई म्हणाली. "मीच शपथ घातली होती."

"का पण?"

"तुले खरं सांगितलं असतं, तं तू मले पुन्हा कुठं सोडलं असतं? म्हटलं, दोष बाथरूमला गेला तं फार तं फार बाथरूम फुटेल." तिने साडीचा काठ बोटांत धरला. "तू सोताले दोष देशील, हे नाही वाटलं मले. मग तू रडत आली. तवा सांगायची हिंमत नाही झाली."

मग मालकिणीने घाबरत घाबरत फोन पुढे केला. त्या दिवशी तिने व्हिडिओ काढला होता. आमच्या कादंबऱ्यांतले लोक असला पुरावा सगळ्यात आधी जाळतात. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "कसं डिलीट करू? बघ ना, मावशी किती छान दिसून राहिल्या."

मी बघितलं. आईने पदर खोचला होता. पायात चपला नव्हत्या. विळा उंच धरून ती कुणाला तरी काहीतरी सांगत होती आणि हसत होती. तोंड भरून, दात नसलेली जागा दाखवत. ते हसू मी नेपानगरच्या कॉलनीत, बाबा असताना पाहिलं होतं. पान खाली आलं, चिकाच्या धारा तिच्या खांद्यावर ओघळल्या, ती आणखी मोठ्याने हसली. मग आकाश दिसलं, जमीन दिसली आणि मालकिणीची किंकाळी ऐकू आली.

"हाडाचं काय, दुखलं आन बसलं," आई म्हणाली. ती माझ्याकडे नाही, साडीकडे बघत होती. "पण त्या दिवशी सकाळपासून मले कोणी 'हळू' म्हणालं नाही वं. घरी मी पाणी प्यायला उठली तरी तू हळू म्हणते. जिन्याजवळ नुसती उभी राहिली तरी म्हणते. मले माहीत हाय, तुझा जीव हाय माझ्यावर म्हणून म्हणते. पण मी हळूच तं चालते आता. आणखी किती हळू चालू?"

 भांडायला आले होते, सगळे मुद्दे तयार होते, आणि एकही उपयोगाचा नव्हता. मी तिच्या शेजारी सोफ्यावर बसले. डॉक्टरीणबाईने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि मी तो घेतला. तेवढ्यावरून त्या दोघींना कळलं की मी मैत्री तोडणार नाही. तशी मी अजून अधूनमधून टोमणे मारते, आणि त्या ऐकून घेतात.

 मालकिणीने चहा आणला. आईने बशीत ओतून घेतला, दोन घोट प्यायली आणि बशी खाली ठेवली.

"या दोघी येत्या रविवारी पुन्हा शेतावर जाऊन राहिल्या," ती खालमानेने म्हणाली. मग अगदी लहान आवाजात, "मी जाऊ का?"

माझी आई मला विचारत होती. सत्तरी ओलांडलेली बाई, जिने मला चालायला शिकवलं, ती माझ्या तोंडाकडे बघत परवानगीची वाट पाहत होती. इतक्या महिन्यांत मी तिला हे शिकवलं होतं. 

"मला कशाला विचारतेस?" मी म्हटलं, आणि तिचा हात धरायला पुढे झालेला माझा हात तसाच मागे घेतला.