चिखलातली ऊब

मी तापट आणि तोंडाळ माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. फौजेत पंधरा वर्षं बिनवैमानिकाची विमानं उडवली. आता रोह्याला, संरक्षण खात्याला अशीच यंत्रं पुरवणाऱ्या एका लहानशा कंपनीत नव्या लोकांना शिकवतो. पेणच्या खाडीकाठच्या आमच्या गावात मात्र मी ‘रिमोटवाला’. नाव थोरल्या भावाने ठेवलेलं. “आमचा बारका खुर्चीवर बसून लढाई करतो,” असं दादा चारचौघांत सांगायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

खोटं नव्हतं ते. एका बंद खोलीत पडद्यासमोर बसूनच माझी नोकरी झाली. पडद्यावर उष्णता दिसायची. दगड काळा, पाणी काळं, माणूस पांढरा. एखादा नाला, एखादी पायवाट तासन्‌तास बघत राहायचं आणि शेवटी वर कळवायचं. पांढरा ठिपका असला तर तसं सांगायचं, नसला तर म्हणायचं, ‘एरिया क्लिअर’. त्यापुढे तिथे काय व्हायचं ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. आपली नजर चुकत नाही याचा मला माज होता. दुसरा शब्द नाही त्याला.

आमच्या गावची शेतं खाडीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. मध्ये मातीचा बांध आहे म्हणून भात पिकतो. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस जायचाच. लोक ओळीने उभे राहतात आणि चिखलाचे गोळे हातोहात देत ती खांड बुजवतात. आमच्या घरचा माणूस म्हणजे दादा. मी कधीकाळी पोरवयात गेलेलो, तेवढंच.

गेल्या वर्षी श्रावण अमावास्येला सकाळी मी धाटावच्या अलीकडे एका माळावर यंत्राची चाचणी घेत होतो. वहिनीचा फोन आला. “बुजवलेली खांड परत फुटली. सगले आले, तुझा दादा नाय आला,” एवढंच ती म्हणाली. कंपनीचं यंत्र गाडीत टाकलं आणि कोणाला न विचारता निघालो. नागोठण्याला अंबा नदी पार वर चढलेली होती. रामवाडी मागे टाकून खाडीकडे वळलो.

गावाच्या टोकाला सगळे जमले होते. समोर शेतांच्या जागी नुसतं मातकट पाणी. होडी एकच होती. दादा पाण्याच्या लोंढ्याबरोबर आत शेतात गेला असेल, नाहीतर बांधाच्या पलीकडे तिवरांच्या झाडीत अडकला असेल. दोन्हीकडे जायला वेळ नव्हता, कारण भरती पुरी व्हायला अजून तासभर होता आणि पाणी चढतच होतं. होडी कुठे न्यायची ते मी सांगायचं, असं ठरलं. माझ्याकडे दोन बॅटऱ्या होत्या. एक जेमतेम अर्धा तास चालते.

यंत्र वर गेलं आणि माझे हात एकदम शांत झाले. नोकरीने लावलेली सवय. उष्णतेचा कॅमेरा लावून शेताच्या बाजूने पट्टे पाडत गेलो. एका उंचवट्यावर म्हैस दिसली, पांढरीशुभ्र. वाकलेल्या छपरावर एक कुत्रं दिसलं. बाकी सगळं काळं. खांडीवरून गेलो, बांध जिथे संपतो त्या उघाडीवरून गेलो. उघाडी म्हणजे पाणी सोडायची, दगडी भिंतीतली दारं. तिथेही काळंच. बॅटरी बदलली आणि पुन्हा तोच पट्टा घेतला.

“एरिया क्लिअर,” मी म्हणालो. फौजेतल्याच आवाजात. मग भानावर येऊन सांगितलं, “इकडे कोणी नाही. तिवरांकडे जा.”

होडी निघाली. वहिनी माझ्या मागे उभी होती, ती हलली नाही.

“ह्यात काय दिसतं?” तिने विचारलं.

“माणसाच्या अंगाची ऊब.”

ती पडद्याकडे वाकली. “खांड बुजवायला गेलेला माणूस, रे. नखशिखांत चिखलानं माखलेला. त्याची ऊब वर कशी येल?”

हे मला तिने सांगावं? लहानपणी बांधावरून आलो की आई दारातच अंगावर पाणी ओतायची आणि म्हणायची, हात लाववत नाय, एवढा गार झालास. ओल्या चिखलाखाली माणूस गारच लागतो. हे मी अंगाने शिकलो होतो आणि पडद्यासमोर बसून साफ विसरलो होतो.

होडीवाल्यांना ओरडून परत बोलावलं. साधा कॅमेरा लावला, यंत्र खाली आणलं. सगळं एकाच रंगाचं. बॅटरी अर्ध्याच्या खाली गेलेली. “उघाडीकडं बघ,” वहिनी म्हणाली. “धरायला दगड तिथंच हाय.” उघाडीच्या भिंतीला मातीचं एक ढेकूळ चिकटलं होतं. पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. मग ढेकळाने हात वर केला.

होडी पोचली तेव्हा पाणी हनुवटीला आलं होतं. दगडांच्या फटीत त्याचा पाय अडकला होता. तिघांनी बुड्या मारून पाय सोडवला. घोटा मोडला होता, पण दादा जिवंत होता. मी चिखलात बसून लहान पोरासारखा रडलो. लाज कसली त्यात.

पेणच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर झाल्यावर तो मला म्हणाला, “रिमोटवाल्या, तुझं यंत्र दोनदा माझ्या डोक्यावरनं गेलं. मी दोन्ही टायमाला हात हलवला. मला वाटलं, आपला बारका हाय, बघणारच.”

तो रागावून बोलला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मला तो नाला आठवला, ती पायवाट आठवली, पंधरा वर्षांत किती वेळा बेधडक ‘क्लिअर’ म्हणालो ते आठवलं. तिथे कोणी हात हलवत होतं का, हे सांगायला कोणाची वहिनी माझ्या मागे उभी नव्हती. तेव्हापासून मला धड झोप लागत नाही.

आता कंपनीत नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी मी त्यांना यंत्र वर नेऊन उष्णतेच्या कॅमेऱ्याने परिसर तपासायला लावतो आणि माळापलीकडच्या भातखाचरात जातो. अंगभर चिखल थापतो आणि उताणा पडतो. वरिष्ठ म्हणतात, ह्याचं डोकं फिरलंय. म्हणू देत. घरघर डोक्यावर येते, थोडी घुटमळते, पुढे जाते. खिशातल्या वॉकीटॉकीवर आवाज येतो, “सर, एरिया क्लिअर.”

मी पडल्या पडल्या हात हलवत राहतो.