चाई आणि उष्टी हळद

केस गेले म्हणून माणूस मरत नाही. पण आमच्या इंदुरात, मध्यभारत राज्याच्या त्या वर्षांत, बाईचे केस गेले की तिचा नवरा मेला असं लोक खुशाल धरून चालायचे. विधवेचं डोकं भादरायची रीत तेव्हा पुरती गेली नव्हती. गल्लीत एखादी तरी तशी म्हातारी दिसायचीच. माझा नवरा चांगला धडधाकट होता. सेक्रेटेरिएटात कारकून, उन्हाळ्यात राजधानी ग्वाल्हेरहून इंदूरला हलली की फायलींबरोबर येणारा.

मला चाई पडली तेव्हा मी पंचविशीचीही नव्हते. आधी कानामागे रुपयाएवढा गोल, मग दुसरा, मग बघता बघता सगळं डोकं साफ. भुवयासुद्धा गेल्या. आपलंच शरीर केसांच्या मुळांवर उलटतं, असं आताचे डॉक्टर सांगतात. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर गुंजेचा लेप तरी चुकला असता. जो येई तो इलाज सांगे. कांदा चोळ, लसूण चोळ, गुंजा उगाळून लाव. टाळू सोलून निघाली, केस कुठले यायला! दवाखान्यात म्हणाले, "सोच मत करो बाई, आ जाएंगे." म्हटलं, तुमचं डोकं द्या इकडे, मग नाही करत सोच.

हे सगळं सोसलं. सोसलं नाही ते धाकट्या बहिणीच्या लग्नात.

आई सदा आजारी, त्यामुळे धाकटीची वेणी रोज मीच घालायची. तिच्या हळदीला पहिला हात माझा, हे ती परकरात होती तेव्हापासून ठरलेलं. महूहून वराकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या, नवरदेवाला लावून उरलेली. धाकटी पाटावर बसली. मी वाटीत बोटं बुडवायला वाकले आणि डोक्यावरचा पदर सरकला.

वराची आत्या आईला म्हणाली, "अगं बाई! ह्यांचे यजमान कधी गेले हो?"

यजमान तिच्यासमोरच ट्रे घेऊन उभे होते.

"ते काय, तुम्हाला चहा देताहेत," मी म्हटलं.

दोघी-तिघी फिसकन हसल्या. आत्याबाईंनी कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "असेनात का, देव त्यांना उदंड आयुष्य देवो. पण शुभकार्यात असलं डोकं पुढे नको बाई. आमच्या मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे."

म्हणजे नवरा जिता-जागता समोर उभा, तरी चालेना! आणि हे महाशय? ट्रे घेऊन पुढच्या बाईकडे गेले. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तू आत जा ग, तमाशा नको." तमाशा मी करत होते का? मी धाकटीकडे पाहिलं. 'ताईच लावेल,' एवढं ती म्हणाली असती तरी पुरे होतं. ती मान खाली घालून पायाच्या बोटांकडे बघत बसली.

मी आत गेले. बाहेर बायका गाणी म्हणत होत्या, मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते.

सगळ्या जेवायला बसल्यावर धाकटीने मला न्हाणीघरात हाक मारली. कडी लावली आणि पदराआडून वाटी काढली. तळाशी थोडी हळद उरवली होती तिने.

"ताई, आता लाव ना. कोणी बघत नाहीये."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "कोणी बघत नाही म्हणून? मी काय चोर आहे? बाहेर बोलली असतीस तर लावली असती. ठेव ती वाटी."

ती हुंदके देत पाठमोरी बसली. मी बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं. तिच्या पाठीवर पाच जणींची हळद होती, माझी सोडून. ती सगळी मीच घासून काढली, आणि चांगली जोरात घासली.