दुधाची डिग्री

घोडेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या एका गावात मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा तिथलं हायस्कूल नुकतंच दहावीपर्यंत वाढलं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. वर्गांवर पत्रे होते आणि प्रयोगशाळा म्हणजे ऑफिसातलं एक कपाट. त्यात तळ फुटलेलं चंचुपात्र, एक धड तापमापी, लोहचुंबक आणि उंदरांनी कुरतडलेला सांगाड्याचा तक्ता. मुख्याध्यापकांनी सांगितलं, प्रयोग फळ्यावर काढून दाखवा, मुलं पाठ करतात आणि पासही होतात.

नववीला घनता शिकवताना मी फळ्यावर दुग्धतामापी काढला. खाली फुगीर नळी, वर बारीक दांडी, दांडीवर आकडे. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, डेअरीत डिग्री बघत्यात त्ये ह्येच की."

वर्ग हसला, पण तिचं बरोबर होतं. निम्म्या वर्गाच्या घरचं दूध रोज त्या काचेच्या नळीने तपासलं जात होतं. आकडा खाली गेला की दूध परत येतं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तो खाली का जातो, हे कुणाला सांगता येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी डेअरीच्या चेअरमनांना भेटले. गावातले मोठे बागायतदार, बोलायला मोकळे, पण मुलांना डेअरीत आणून ती नळी हाताळू द्या, ही माझी मागणी ऐकून कचरले. मुलं दूध तपासायला लागली की कुणाचं पातळ, कुणाचं घट्ट हे घरोघरी बोललं जाईल आणि भांडणं माझ्या दारात येतील, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तयार झाले, ते एका अटीवर. सकाळचं संकलन उरकल्यावर यायचं, डेअरीतलंच एकत्र झालेलं थोडं दूध वापरायचं, कुणाच्या घरचं नाही.

मग शाळा भरण्याआधी नववीचा वर्ग डेअरीत भरू लागला. धुतलेल्या फरशीवर मुलं गोल करून बसायची. साध्या पाण्यात, मिठाच्या पाण्यात, दुधात आणि पाणी घातलेल्या दुधात ती नळी सोडायची, डोळा दांडीच्या रेषेत आणून आकडा वाचायचा. डेअरीचे सेक्रेटरी आधी कपाळाला आठ्या घालून बघायचे. नंतर तेच मुलांना ओरडू लागले, "वरनं बघू नगा, वाका खाली." ज्या मुलांना मी उभं करूनही तोंड उघडायला लावू शकत नव्हते, ती तिथे आपसात वाद घालायची. मला ते ऐकत राहावंसं वाटायचं.

दिवाळीनंतर मागच्या बाकावरची ती मुलगी यायची बंद झाली. तिचं घर डेअरीच्या मागेच होतं. आजोबांच्या वेळी त्यांची मेंढरं होती. वडिलांनी ती विकून दोन जर्सी गायी घेतल्या होत्या. मी घरी गेले तर ती गोठ्याच्या दारात उभी राहिली, आत या म्हणेना. हळूहळू कळलं, आईने नेलेलं दूध डेअरीने पुन्हा परत पाठवलं होतं. रांगेतल्या कुणीतरी सगळ्यांसमक्ष म्हटलं होतं की घरामागे हातपंप असला की असंच होतं.

"बाई, आईनं पाणी न्हाई घातलं," मुलगी म्हणाली. "धार काढताना मी हुती तिथं."

मी म्हटलं, "मग आपण तपासून बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरींकडून नळी मागून घेतली, शाळेतली तापमापी घेतली आणि मुलीच्या घरच्या गोठ्यात गेले. आमच्या डोळ्यांदेखत आईने गाय पिळली. मुलीने उंच भांड्यात दूध ओतलं, फेस बाजूला केला, नळी सोडली आणि वाकून वाचलं. पंचवीस. म्हणजे परत पाठवण्याइतकं कमी. आई हातात किटली धरून तशीच उभी राहिली. तिच्याकडे बघायचं मला धाडस होईना.

मुलीने मात्र नळी काढली नाही. तिने भांड्याला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, दूध गरम हाय. गरम झालं की पसरतंय, मग हलकं व्हनार ना?"

उष्णतेने पदार्थ पसरतात हा धडा मी त्यांना वेगळा शिकवला होता, घनतेच्या आधीच्या महिन्यात. दोन्ही धडे तिने स्वतः जोडले होते. आम्ही भांडं हौदातल्या गार पाण्यात ठेवलं. ती थोड्या थोड्या वेळाने तापमापी बघायची, मग नळी. पारा उतरत गेला आणि आकडा चढत गेला. दूध गार झालं तेव्हा नळी सत्तावीसच्या पुढे, म्हणजे डेअरी घेते त्या आकड्यावर होती. लांबच्या मळ्यातलं दूध डेअरीत पोचेपर्यंत निवतं, हिच्या घरचं धारोष्णच पोचायचं. आईने विचारलं, म्हणजे काय झालं? मुलीने तिला मी सांगितलं असतं त्याहून सोपं करून सांगितलं.

आम्ही चेअरमनांना जाऊन सांगितलं, त्यांना ते लगेच पटलं नाही. पण त्यांनी टाळलंही नाही. त्यांनी आपल्या घरची गाय डेअरीच्या अंगणात आणवली आणि तिथेच पिळायला लावली. मुलीने नळी सोडली. आकडा खालीच. रांगेतली माणसं पुढे झुकली.

"म्हंजी माज्याबी दुधात पानी हाय म्हनायचं," चेअरमन म्हणाले आणि हसले. मग हसू आवरून त्यांनी त्या आईकडे वळून सगळ्यांच्या देखत सांगितलं, "वैनी, चूक आमची व्हती."

आईने पदर सारखा केला आणि किटली पुढे केली.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी पुन्हा शाळेत येऊ लागली. डेअरीत तापमापी आली आणि गरम दूध पाण्यात निववून मगच नळी लावायची पद्धत पडली. महिनाभरात चेअरमनांनी पेंडीच्या पोत्यांची मागची खोली रिकामी करून आम्हाला प्रयोगांसाठी दिली. मोटार रिवायंडिंगवाल्याने तांब्याची तार दिली, त्यातून मुलांनी विद्युतचुंबक केले. जास्वंदीच्या पाकळ्या आणि हळद यांनी आम्ही आम्ल-अल्कली ओळखायचो. कोण काय आणून देईल याचा नेम नसे. दहावीच्या प्रात्यक्षिकाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमच्या मुलांना विचारलं, शिकलात कुठे? मुलांनी सांगितलं, डेअरीत. त्यांना ते खरं वाटेना.

पुढे मला मंचरच्या एका मोठ्या शाळेत जागा मिळत होती. सासऱ्यांनी शब्द टाकला होता. मी बघून आले. काचेची कपाटं, ओळीने मांडलेल्या बरण्या, सगळ्याला कुलूप आणि किल्ली क्लार्ककडे. घरी येऊन मी सांगितलं, मला नाही जायचं. सासरे नाराज झाले, यजमानांनी मात्र कारणही विचारलं नाही.

ती मुलगी बी.एस्सी. झाली. तिच्या पेढ्यांचा पुडा घेऊन तिची आई एकटी शाळेत आली होती. थेट वर्गात शिरली, पहिल्या बाकावर बसली आणि म्हणाली, "बाई, तुमी शिकवा, मी ऐकत बसते." मी घनताच शिकवत होते. ती तास संपेपर्यंत बसून राहिली.