नदीकाठच्या हाका

मालीनआजी गोष्ट सांगायला बसली की हात रिकामे ठेवत नसे. कणसं सोलत, नाहीतर कमरेला पट्टा बांधून मागावर विणत बोलायची. मेक्सिकोतल्या कांपेचेच्या या सपाट, उकाड्याच्या रानात येऊन तिला जन्म उलटला होता, पण ती बोलायला लागली की घरात ग्वातेमालाच्या डोंगराचा गारठा शिरायचा. धुकं, ओल्या लाकडांचा धूर, आणि चढावरून येणारी बाल्तासारची शीळ.

बाल्तासार तिचा नवरा. यादवीत सैनिकांनी गाव जाळलं तेव्हा तो मका बघून येतो म्हणून मागे फिरला, तो आलाच नाही. लेकरं घेऊन मालीन एकटीच सरहद्द ओलांडून मेक्सिकोत आली. निर्वासितांच्या छावणीत धान्य वाटणारा विचारायचा, "घरातला कर्ता कोण?" ती आपल्याच छातीवर बोट टेकवायची. हिला प्रश्न कळला नाही असं वाटून तो पुन्हा विचारायचा. ती पुन्हा बोट टेकवायची.

अशा बायका या नव्या गावात पुष्कळ होत्या. आता एकेक देवाघरी चालली होती. म्हणून मालीनच्या नातीनं, गावच्या शाळेत शिकवणाऱ्या नोएमीनं, त्यांची आयुष्यं त्यांच्याच तोंडून मोबाईलमध्ये भरून घेतली. शाळेतल्या पोरांना ऐकवायची होती.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर चर्चच्या ओट्यावर सगळ्या जमल्या. आधी शेजारच्या कतालची गोष्ट लागली. तिच्या बोलण्यात मधेमधे कोंबडा आरवत होता.

"माझ्यापेक्षा माझा कोंबडाच जास्त बोललाय," कताल म्हणाली.

"तो तरी खरं बोलतो," मालीन म्हणाली. बायका ओढणीत तोंड लपवून हसल्या.

मग मोबाईलमधून मालीनचा आवाज आला. पहाट, फुगलेली नदी, पाठीवर बांधलेली तान्ही एवुल, हाताला मेकेल. नदी पार झाली आणि पुढच्याच वाक्याला छावणी आली. मालीनचे विणणारे हात थांबले.

"मधलं कुठं गेलं?"

"मधलं कोणतं, आजी?"

"नावं."

"ती नुसती नावं होती ना? चल एवुल, चल मेकेल, असं. फार लांबत होतं म्हणून काढली."

मालीननं कमरेचा पट्टा सोडला.

"म्हणजे आम्हाला तिथंच सोडून आलीस," मालीन म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पुसून टाक सगळं. अर्धवट मला ठेवायचं नाही."

नोएमीला तेव्हा आठवलं. ओढ्यावरून निघताना, शेतातून परतताना आजी तिलाही नावानं हाक मारायची. लेकराचा देह पुढं आणि जीव मागं, असं होऊ नये म्हणून आया हाक मारतात. पण त्या पहाटे सैनिक जवळच होते. मालीन ओठ घट्ट मिटून पाण्यातून आली होती. तेव्हापासून गोष्ट सांगताना नदी आली की ती तिथं थांबायची आणि राहिलेल्या हाका मारायची. तिच्या लेखी गोष्ट सांगणं म्हणजे पुन्हा त्या काठावर जाणंच होतं, आणि गेलं की सगळ्यांना घेऊन परत निघावं लागतं.

"पुन्हा सांगशील, आजी?"

"माझा घसा म्हणजे तुझ्या शाळेचा नळ आहे का?"

"सांग गं," कताल म्हणाली. "आपण गेल्यावर या पोरांना कोण सांगणार? माझा कोंबडा?"

मालीन उठून घरी आली. नोएमीही मागोमाग आली. तिनं विनवण्या केल्या नाहीत. कणसांची टोपली आणून आजीपुढं ठेवली, मोबाईल चालू केला आणि खाली बसून स्वतःही एक कणीस घेतलं.

निम्मी टोपली सोलून झाली. मग मालीननं मरियामातेचं नाव घेतलं आणि सुरुवात केली. जळालेलं गाव आलं, पहाट आली, नदी आली. मालीननं मान वर केली.

"चल एवुल, मागं राहू नकोस. चल मेकेल, बाळा, मागं राहू नकोस." मग, जो त्या काठापर्यंत पोचलाच नव्हता त्याला, "चल बाल्तासार. तूही चल."

नोएमीच्या हातातलं कणीस तसंच राहिलं होतं. तिची नजर कुठंतरी लांब लागली होती. मालीननं तिच्याकडे पाहिलं.

"चल नोएमी," ती म्हणाली, "मागं राहू नकोस. ऊन उतरलं बघ, भाकरी टाकायच्यात."